मोरदऱ्याचे अकरा जपानी जावई

मोरदरा गावाला आजघडीला एकूण अकरा जपानी जावई आहेत. त्यांतल्या सात बायका आहेत. अकराही जणांना पाटावर बसवून, पाय धुऊन, कुंकू लावून, धोंड्याच्या महिन्यातलं वाण देऊन गावानं रीतसर जावई करून घेतलेलं आहे.

ग्रामपंचायतीच्या दप्तरात मात्र अशी कुठलीही नोंद नाही. सरपंच सुदर्शनला विचारलं तर तो शांतपणे म्हणतो, "असं काही घडलंच नाही." सरपंच बिनविरोध निवडून आलेला असल्यानं त्याच्या बोलण्यालाही विरोध करता येत नाही. तेव्हा आपणही ते घडलेलं नाही असं धरून चालू, आणि जे घडलं नाही ते पहिल्यापासून सांगू.

सुदर्शनचं म्हणणं साधं होतं. छत्रपती संभाजीनगरातून वेरूळला रोज शेकडो गाड्या जातात. त्या मोरदऱ्याच्या फाट्यावरून जातात. फाट्यापासून गाव दीड किलोमीटर आत. म्हणजे अख्खं जग आपल्या दारापर्यंत येतंय आणि दीड किलोमीटरसाठी अडून बसलंय! तो हे सांगायचा तेव्हा ऐकणाऱ्याला वाटायचं, चूक जगाचीच आहे.

गावात बघण्यासारखं काय, हा प्रश्न त्यानं आधीच सोडवला होता. डोंगरात एक लेणं होतं. म्हणजे कुणीतरी कोणे एके काळी कोरायला सुरुवात केली, चार हात कोरलं, आणि जेवायला गेला तो परत आलाच नाही, अशा प्रकारचं लेणं. आत दोन शेळ्या आरामात बसतात. तिसरी आली की भांडणं होतात. सुदर्शननं तिथं 'मिनी वेरूळ' असा फलक लावला. शेळ्यांनी त्याचा खालचा कोपरा खाल्ला, पण नाव शाबूत राहिलं.

मग फाट्याकडच्या पडीक जागेवर पत्र्याचं लांबलचक शेड उभं राहिलं : 'मोरदरा पर्यटन व लघुउद्योग विक्री केंद्र'. आत सात ओटे. पहिल्या ओट्यावर सुदर्शनची चुलती द्वारकाबाई, म्हणजे द्वारकाकाकू, ठेच्याच्या बरण्या आणि कुरडया घेऊन बसली. मध्ये गोधड्या, लाकडाच्या बैलजोड्या, डोंगरातला मध. शेवटच्या ओट्याशेजारी शमशाद आपांचा हिमरू शालींचा माग. गावातला शेवटचा. आपांचा लेक बिडकीनला कंपनीत होता आणि रोज फोनवर एकच वाक्य बोलायचा : "अम्मी, माग मोडा आणि इकडं राहायला या." आपा म्हणायच्या, "सरपंच म्हनतो टूरिस लोगां आते. एक बार देखती."

टूरिस्ट आले. ते आले नाहीत असं कुणी म्हणू शकणार नाही. अडचण पुढं होती.

पहिल्या दिवशी पुण्याचं एक जोडपं आलं. नवऱ्यानं ठेच्याची बरणी उचलून विचारलं, "केवढ्याला?"

"आधी टेका तर जरा," द्वारकाकाकू म्हणाली. "कुठून आलाव?"

"पुण्याहून."

"पुण्यात तर समदं जगच राहतंय. मूळ गाव कोणतं?"

"मूळचे आम्ही जाफराबादचे."

"अगं बया! जाफराबादला तर माझ्या नंदेच्या जावेची लेक दिलीया! आडनाव काय म्हणायचं?"

झालं. तीन प्रश्नांत गिऱ्हाइकाचा पाहुणा झाला! आणि पाहुण्याकडून पैसे घेणं म्हणजे मोरदऱ्यात देवळात चपला घालून जाण्यासारखं. ते जोडपं साडेतीन तासांनी हललं. जाताना सोबत ठेच्याच्या तीन बरण्या, बाईच्या ओटीत नारळ आणि खण, आणि पोटात पिठलं-भाकरी. त्यांनी पैसे काढले तर काकू इतकी दुखावली की शेवटी त्यांनाच माफी मागावी लागली.

दीड वर्ष हेच चाललं. नाशिकचे आले, नांदेडचे आले, एकदा तर थेट इंदूरचे आले. काकूचा चौथा प्रश्न कधी खर्ची पडला नाही. कुणी मामेसासऱ्यांच्या गावचं निघायचं, कुणी विहिणीच्या माहेरचं. फक्त शमशाद आपा पक्क्या होत्या. "मैं किसी कू गाँव नहीं पूछती," त्या म्हणायच्या. "आधी पैसा, मग सलाम." पण त्यांच्या ओट्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं. वाटेत काकू होती.

ग्रामसभेत कडुबाआप्पा उठले. दहा वर्षं सरपंच राहिलेला माणूस. सध्या त्यांच्याकडं सहा म्हशी आणि भरपूर वेळ होता.

"सरपंच," आप्पा म्हणाले, "तुमच्या शेडात धंदा टिकंना. माझ्या म्हशी टिकतील. शेड द्या."

"आप्पा, पर्यटन हे दीर्घकालीन..."

"दीड वर्षात एक वस्तू इकली का? एक?"

सुदर्शनच्या अंगात, जे भाषणाच्या वेळी नेहमी येतं, ते आलं. "ऐका! हा धोंड्याचा महिना सरायच्या आत बाहेरच्या माणसाला एक तरी वस्तू इकून दाखवतो! नाय इकली तर शेड आप्पांच्या म्हशींना!"

टाळ्या कडाडल्या. सगळ्यात आधी आप्पांनी वाजवल्या.

त्या रात्री सुदर्शननं विचार केला आणि रोगाचं मूळ सापडलं. महाराष्ट्र हा फार जवळच्या माणसांनी भरलेला प्रदेश आहे. तेव्हा माणूस असा आणायचा की ज्याचं मूळ गाव काकूला उच्चारताही येणार नाही. परदेशी! त्यानं शहरातल्या एका टूर कंपनीच्या बाईंना गाठलं. त्यांच्याकडं जपानी मंडळींचा एक गट येणार होता, वेरूळ बघायला. वाटेत दोन तास मोरदऱ्यात थांबतील. आवडलं तर गाव कायमचं कार्यक्रमात. दिवस ठरला : धोंड्याच्या महिन्यातला शेवटचा रविवार. सोबत जपानी बोलणारा गाईड येणार होता. तो कोण, कुठला, हे सुदर्शननं मुद्दाम विचारलं नाही. कारण त्यानं स्वतःच शेडात नवा फलक लावला होता :

'येथे कोणीही कोणास गाव विचारू नये. – हुकमावरून.'

"मंग माणसानं बोलायचं काय?" काकूनं विचारलं.

"भाव सांगायचा, काकू. फक्त भाव."

"भाव सांगायला काय तोंड लागतंय? पाटीवर लिवा," काकू म्हणाली आणि दोन दिवस अबोला धरला.

रविवारी सकाळी दहाला बस आली. एकेक करून अकरा जपानी उतरले. स्वच्छ, हसरे, टोप्या घातलेले. सुदर्शननं त्यांच्याकडं डोळे भरून पाहिलं. एकही चेहरा जाफराबादचा नव्हता! सगळ्यात शेवटी गाईड उतरला. किंवा उतरावं की नाही असा विचार करत पायरीवर उभा राहिला.

"जावईबापू!" काकू किंचाळली आणि तिच्या हातातली बरणी सुटली.

तो गोकुळ होता. द्वारकाकाकूच्या मोनिकाचा नवरा, मुकुंदवाडीत राहणारा. तीन वर्षांपूर्वीच्या धोंड्यात त्याला शर्टपीस दिला आणि पँटपीस द्यायचा राहून गेला. तेव्हापासून गोकुळ रुसला होता. मोनिका येऊन-जाऊन होती, गोकुळनं मात्र मोरदऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं. 'ते लेण्यांत कामाला असतात' एवढंच मोनिका सांगायची. लेण्यांत जाऊन जावई जपानी बोलतो, ही कल्पना घरात कुणाला आली नव्हती.

"मामी, मी ड्युटीवर आहे," गोकुळ पायरीवरूनच म्हणाला.

"ड्युटी गेली खड्ड्यात! धोंड्याचा महिना, आन जावई दारातून कोरडा जाईल व्हय? हे कोण?"

"हे जपानचे पर्यटक."

"तुमच्यासंग आले?"

"हो, माझ्याबरोबरच, पण..."

"मंग इषय संपला. जावयाकडची मंडळी!"

"काकू!" सुदर्शन मध्ये पडला. "बोर्ड बघा! बोर्ड!"

"मी इचारलं का गाव? इचारलं का कुणाला?" काकू म्हणाली. आणि हे खरं होतं. जावई ओळखू नये, असं फलकावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

शेडाचं विक्री केंद्र वीस मिनिटांत मांडव झालं. गोधड्यांच्या ओट्यावरच्या गोधड्या अंथरल्या गेल्या. एका घरचा जावई तो गावचा जावई, त्यामुळं ओट्यांवरच्या सगळ्या बायका आपापला माल सोडून पुरण वाटायला धावल्या. धोंडे म्हणजे पुरण भरलेले उंडे. मोदकाएवढे असतात, पण द्वारकाकाकूचे क्रिकेटच्या चेंडूएवढे. किती खाल्ले ते पोटात पडल्यावरच कळायचं.

"काकू, वाण दाजींना द्या. फक्त दाजींना!" सुदर्शन गयावया करत होता. "बाकीचे गिऱ्हाईक आहेत!"

"मागच्या टायमाला एक पँटपीस राहिला तर तीन वरसं गेली," काकू म्हणाली. "हे अकरा रुसले तर कुठं जाऊन बसतील, जपानात! कोण जाणार समजूत काढायला? तू?"

गावातल्या कापड दुकानातून गोकुळ धरून बारा जणांचे पूर्ण पोशाख आले. पँटपीस दोनदा मोजले गेले.

गटातले सगळ्यात वडील तानाका नावाचे गृहस्थ. पंचाहत्तरीचे, बारीक अंगाचे. काकूनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं तसे ते उठून कमरेतून वाकले.

"बगा, याला म्हणत्यात वळण!" काकू म्हणाली आणि वयाचा मान म्हणून स्वतःही वाकली. तानाका आणखी वाकले. काकू आणखी. हा प्रकार बराच वेळ चालला. शेवटी काकूच्या गुडघ्यानं तह केला.

मग तानाकांनी पिशवीतून कागदात नीट बांधलेला एक रुमाल काढला आणि दोन्ही हातांनी काकूला दिला. पाठोपाठ दहाही जणांनी आपापल्या पिशव्या उघडल्या. पंखे, बिस्किटं, छोट्या बाहुल्या.

"हे काय?" सुदर्शननं विचारलं. त्याच्या आवाजात भीती होती.

"त्यांच्याकडं रीत आहे," गोकुळ म्हणाला. पाय धुतल्यापासून त्याचा रुसवा बराच उतरला होता. "कुणी काही दिलं की परत काहीतरी द्यावंच लागतं. नाहीतर फार वाईट दिसतं."

"आमच्यात बी!" काकू आनंदानं ओरडली.

सुदर्शन खाली बसला. पृथ्वीच्या पाठीवर ज्या दोन माणसांनी कधीही समोरासमोर यायला नको होतं, ती त्याच्या विक्री केंद्रात एकमेकांना आहेर करत होती, आणि थांबणं दोघांच्याही धर्मात बसत नव्हतं! रुमालाला ठेच्याची बरणी गेली. बरणीला पंखा आला. पंख्याला गोधडी गेली. गोधडीला छत्री आली. छत्री चांगली महागाची दिसली, म्हणून बैलजोडी गेली. आणि जोडी एकटीच कशी द्यायची, म्हणून गाडी गेली. एक, दोन, तीन, चार असे ओटे रिकामे होत गेले. एका जपानी बाईनं शेवटी अंगावरचा रेनकोट दिला. ऊन चाळिशीचं होतं, पण भावना पोचली.

तीनच्या सुमाराला कडुबाआप्पा दोरी घेऊन आले आणि शेडाची लांबी मोजू लागले.

"चालू द्या तुमचं," आप्पा म्हणाले. "मी नुसता अंदाज घेतोय. सहा म्हशी, दोन रेडकं."

आणि तेवढ्यात जपानी मंडळींच्या पिशव्या संपल्या. त्यांच्यात चिंताग्रस्त कुजबुज झाली. तानाका गोकुळच्या कानाशी काही बोलले.

"काय म्हणतायत?" सुदर्शन.

"म्हणतायत, मामींच्या दुसऱ्या गोधडीची परतफेड अंगावर राहिली, द्यायला काहीच उरलं नाही. इथं काही विकत मिळेल का?"

'विकत'! हा शब्द मोरदऱ्याच्या हद्दीत दीड वर्षानं उच्चारला गेला होता. सुदर्शननं तानाकांचा हात धरला, काकूला वळसा घातला, आणि त्यांना शेवटच्या ओट्याशी आणून उभं केलं.

"आपा," तो धापा टाकत म्हणाला, "गिऱ्हाईक!"

शमशाद आपांनी चष्मा पुसला. शाल उलगडली. निळ्या रंगावर रुपेरी बुट्टे. सव्वा महिन्याचं काम. भाव सांगितला. कमी केला नाही. तानाकांनी घासाघीस केली नाही, पाकीट काढलं, नोटा काढल्या. आपांनी हात पुढं केला. आप्पांची दोरी थांबली. आणि तानाकांची नजर शालीवरून घसरून मागं, मागावर गेली.

ते नोटा हातात धरूनच मागाशी गेले. वाकले. यावेळी कुणाला नाही, मागालाच. ताण्यातला एक धागा तुटला होता. आपांना सकाळपासून तो सांधायला वेळ मिळाला नव्हता. तानाकांनी नोटा खिशात कोंबल्या, दोन बोटांत धागा धरला, ओठांनी ओला केला, आणि बघता बघता अशी गाठ मारली की धागा कुठं तुटला होता ते आपांनाही दिसेना.

आपांनी त्यांचा उजवा हात उलटा करून पाहिला. तर्जनीच्या कडेला घट्टा होता. आपांनी आपला हात शेजारी धरला. घट्टा तिथंच होता.

"यांचं घराणं विणकरांचं," गोकुळ हळूच म्हणाला. "क्योटोला माग होता. बंद केला."

"क्यूँ बंद किया?"

गोकुळनं विचारलं. तानाका मागाकडं बघत बोलले.

"म्हणाले, मुलगा कंपनीत गेला."

आपांनी शालीची घडी घातली आणि ती तानाकांच्या खांद्यावर ठेवली.

"आपा!" सुदर्शनचा आवाज चिरकला. "पैसे! आधी पैसा मग सलाम! तुम्हीच म्हणता ना?"

"सरपंच, माफ करो," आपा म्हणाल्या. "मैं ने गाँव नहीं पूछा. पर हे तर घरचेच निघाले."

कडुबाआप्पांनी दोरीला गाठ मारून माप पक्कं केलं.

पण सुदर्शन हा सहजासहजी हार मानणारा माणूस नव्हता. ती त्याची मुख्य अडचण होती. त्याला एकदम आठवलं, बसला ड्रायव्हर असतो! ड्रायव्हर कडुलिंबाखाली झोपला होता. सकाळपासून त्याच्याशी कुणी एक शब्द बोललेलं नव्हतं. कोरा, निष्कलंक, बाहेरचा माणूस!

काकूच्या ओट्याखाली घरंगळलेली एक बरणी शिल्लक होती. सुदर्शननं ती उचलली आणि पळत जाऊन ड्रायव्हरला उठवलं.

"ठेचा घेता का? साठ रुपये. एकच राहिलीय."

ड्रायव्हरनं डोळे चोळले. "तिखट हाय ना?"

"लई तिखट."

"द्या मंग," म्हणून त्यानं खिशातून शंभराची नोट काढली. नोट हवेत होती. सुदर्शनचा हात तिच्यापासून चार बोटं दूर होता.

"ड्रायव्हरसाहेब, ऊन लई हाय, पाणी घ्या," मागून आवाज आला. कडुबाआप्पा तांब्या घेऊन उभे होते. "गाव कोणतं म्हणायचं आपलं?"

"आप्पा, बोर्ड!" सुदर्शन ओरडला.

"मला कुठं वाचता येतंय?" दहा वर्षं सरपंच राहिलेले आप्पा म्हणाले.

"राहायला संभाजीनगरात," ड्रायव्हर पाणी पीत म्हणाला. "नाव सोमनाथ. सासुरवाडी करमाडची."

"करमाडात कुणाच्यात?" आप्पांनी इतक्या मायेनं विचारलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

सोमनाथनं सासऱ्याचं नाव सांगितलं. सुदर्शननं डोळे मिटले. ते त्याच्या स्वतःच्या चुलतसासऱ्याचं नाव होतं.

"म्हंजे आमच्या सरपंचाच्या सोनियाची चुलतबहीण तुमची मंडळी!" आप्पा म्हणाले. "सुदर्शन, अरं हे तर तुझे साडू! घे की मंग साठ रुपये. घे ना!"

"सोनियाताईंचे मालक तुम्ही?" सोमनाथ उठून उभा राहिला. "अहो, लग्नात भेट नाय झाली आपली, मी ट्रिपवर होतो!" त्यानं नोट पुढं केली. "घ्या, घ्या, धंदा हाय तुमचा."

सुदर्शननं मनापासून प्रयत्न केला, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पण हात पुढं गेला तो सरपंचाचा, आणि मागं आला तो करमाडच्या जावयाचा.

"ठेवा ती नोट," तो म्हणाला. "आणि आता आलाच आहात तर चहा घेऊनच जा."

बस दिवस मावळल्यावर निघाली. तोवर वेरूळची लेणी बंद झाली होती. जपानी मंडळींना मग मिनी वेरूळ दाखवलं. तिथं दोनच शेळ्या होत्या, त्यामुळं वातावरण शांत होतं. निघताना काकू रडली, सात जपानी बायका रडल्या, गोकुळ पँटपीस छातीशी धरून रडला. टूर कंपनीनं दुसऱ्याच दिवशी मोरदरा कार्यक्रमातून वगळल्याचं कळवलं. महिनाभरानं तानाकांचं पत्र आलं. गोकुळनं वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी ते चाळीस जण येणार आहेत. कंपनीतर्फे नाही. नातेवाइकांकडं म्हणून.

"आता माग कसा मोडू?" शमशाद आपा लेकाला फोनवर म्हणाल्या. "घरचे लोगां आते."

शेडात सध्या सहा म्हशी, दोन रेडकं आणि एक माग आहे. प्रवेशद्वारावर 'स्वागतम्' ही पाटी अजून आहे. आणि मोरदरा विक्री केंद्रात आता रोज सकाळ-संध्याकाळ विक्रीही होते, हे मान्य करावं लागेल. दुधाची. फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला. कडुबाआप्पा रोख घेतात आणि गाव विचारत नाहीत.

सुदर्शननं मात्र अजून आशा सोडलेली नाही. त्यानं एक अर्ज केला आहे. तो त्यानं टपालानं पाठवला. हातानं दिला असता तर टेबलामागच्या साहेबांनी गाव विचारलं असतं.

*प्रति,*
*मा. पर्यटन अधिकारी साहेब यांचे सेवेशी.*

*विषय : बिननात्याचा पर्यटक मिळणेबाबत.*

*महोदय,*
*वरील विषयी सविनय विनंती की, मौजे मोरदरा येथील विक्री केंद्रासाठी शासनाने एक (१) पर्यटक उपलब्ध करून द्यावा. सदर पर्यटक हा कोणाचाही कोणी लागत नसावा. त्यास मूळ गाव, सासुरवाडी व आजोळ नसावे. त्याने हयातीत माग, नांगर अथवा चूल यांस हात लावलेला नसावा. त्यास धोंड्याचा महिना सोडून इतर कोणत्याही महिन्यात पाठवावे, व येताना सोबत गाईड आणि ड्रायव्हर देऊ नये.*

*सदर पर्यटक परत पाठविण्याची हमी ग्रामपंचायत देऊ शकत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.*